एअर फ्रायर: तेलाचा वाद मिटतो, मिठाचा नाही

नवरा-बायकोपैकी एकाला कुरकुरीत हवं असतं आणि दुसऱ्याला घरात तळण नको असतं. मुलं अर्थातच कुरकुरीतच्या बाजूला. अशा वेळी तोडगा म्हणून एअर फ्रायर घेतला जातो. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मॉडेलचं नाही. ड्रॉवर आणि जाळीची टोपली असलेलं चार ते सहा लिटरचं नेहमीचं यंत्र कुटुंबाच्या जेवणात किती उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे.

नावात फ्रायर असलं तरी हे यंत्र तळत नाही. वर कॉइल, तिच्यावर पंखा, आणि लहानशा जागेत जोरात फिरणारी गरम हवा: म्हणजे ही छोटी भट्टीच. तळणाची आवड असलेल्या जोडीदाराला हे आधीच सांगावं. ‘अगदी तळल्यासारखं लागतं’ असं सांगून समोर ठेवलेला पदार्थ पहिल्या घासाला हरतो; ‘भाजलेलं आहे, खाऊन बघ’ म्हटलं तर त्याच पदार्थाला न्याय मिळतो.

पहिला पदार्थ बटाट्याचा करावा, कारण तो या यंत्रात खरोखर चांगला होतो. ५०० ग्रॅम बटाट्यांचे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापून अर्धा तास थंड पाण्यात ठेवा. त्यामुळे पृष्ठभागावरचा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. मग फडक्याने अगदी कोरडे करा. बहुतेक वेळा बिघडतं ते इथेच. ओलावा राहिला की वाफ होते आणि तुकडे भाजण्याऐवजी शिजतात. दोन चहाचे चमचे तेल हाताने चोळा, टोपली अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, १८० अंश सेल्सिअसवर १८ ते २२ मिनिटं ठेवा आणि मध्ये दोनदा हलवा. मीठ शेवटी, कारण आधी घातलं तर पाणी सुटतं. तेलाचा हिशेब असा: तळलेल्या १०० ग्रॅम फ्राइजमध्ये साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, या पद्धतीत तीन-चार ग्रॅम. फरक खरा आहे.

रंग मात्र सोनेरीच ठेवा, तपकिरी नको. स्टार्च असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की त्यांत अॅक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक ठरू शकणारं रसायन तयार होतं, आणि तेल कमी केल्याने ते टळत नाही. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर त्यांतली साखर वाढते. मग ते आतून शिजण्याआधी बाहेरून काळपट होतात आणि अॅक्रिलामाइडही वाढतं.

पातळ पिठात बुडवून करायचे पदार्थ यात करूच नका. गरम तेलात पीठ क्षणात घट्ट होतं, इथे ते जाळीतून गळतं. पहिल्याच दिवशी असा प्रयोग फसला की विरोधातल्या जोडीदाराचं मत कायमचं पक्कं होतं. कोरडा ब्रेडचा चुरा लावून वरून तेलाचा ब्रश फिरवला तर जमतं. पालेभाजीची सुटी पानं किंवा रिकामा बेकिंग पेपर हवेने उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो.

वाद तेलाचा असेल तर हे यंत्र घ्या. वाद मीठ, साखर किंवा तयार पाकिटांचा असेल तर पैसे वाचवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि ते एअर फ्रायरने कणभरही कमी होत नाही. उलट यंत्र आलं की फ्रीझरमधली पाकिटं वाढतात. फ्रोझन फ्राइज कारखान्यात बहुधा एकदा तळूनच येतात, त्यामुळे ‘तेल न घालता केले’ हे अर्धंच खरं. पाकिटावरचा १०० ग्रॅमचा रकाना दोघांनी मिळून वाचावा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आकड्यावर बोलणं सोपं असतं, एकमेकांच्या सवयींवर बोलण्यापेक्षा.

तेल नको म्हणणाऱ्यालाही एक सांगायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या आहारातला स्निग्धांश एरवी कमी करायचा नसतो. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषली जायला स्निग्धांश लागतो. गाजर किंवा भोपळा भाजताना चमचाभर तेल घाला. चव येते आणि मुलं भाजी खातात. हा या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा, पण त्यासाठी ते फारसं कुणी घेत नाही.

माप निवडताना लिटरपेक्षा टोपलीचा तळ बघा. तुकडे जवळजवळ एका थरात मावायला हवेत. चार लिटरमध्ये दोघांचं नीट होतं. चौघांसाठी दोन घाणे, म्हणजे चाळीस मिनिटं. पहिला घाणा तोवर मऊ पडतो. तो शेवटी दोन-तीन मिनिटं परत आत घातला की सगळ्यांना गरम मिळतं.

लेसिथिन (पदार्थ भांड्याला चिकटू नये म्हणून स्प्रेत घालतात तो घटक) असलेले तेलाचे स्प्रे टाळा, टोपलीच्या कोटिंगवर चिकट थर बसतो. चरबीचं मांस करताना टोपलीखाली दोन-तीन चमचे पाणी घातलं तर धूर होत नाही. दर काही दिवसांनी प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, कॉइल ओलसर फडक्याने पुसा. तिथला साठलेला तेलकटपणा तापला की पुढच्या प्रत्येक पदार्थाला जळका वास येतो.