मंचावरचा कलाकार की वर्गातला शिक्षक? कलाकेंद्रात कोणाकडे शिकायचं

सामुदायिक कलाकेंद्राच्या माहितीपत्रकात शिक्षकांची ओळख साधारण दोन तऱ्हेची असते. एका नावाखाली कार्यक्रम, प्रदर्शनं, पुरस्कार आणि दौरे असतात. दुसऱ्या नावाखाली एवढंच लिहिलेलं असतं, की बरीच वर्षं शिकवत आहेत, मुलांच्या आणि मोठ्यांच्या बॅच घेतात. फी जवळपास सारखी असली तर मन आपसूक पहिल्या नावाकडे ओढ घेतं. पण नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांनी पहिलं वर्ष दुसऱ्या नावाकडे काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काहींनी मात्र थेट कलाकाराकडेच जावं, आणि ते काही थोडेथोडके नाहीत.

ही विभागणी काटेकोर नाही. बऱ्याच जणांच्या अंगात दोन्ही गोष्टी असतात, आणि त्या सांभाळताना ओढाताणही होते. ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आधी स्वतःच्या स्टुडिओत आसपासच्या मुलामुलींना शिकवलं. १९३७ मध्ये तिथे सरकारी कलायोजनेतून सामुदायिक कलाकेंद्र उभं राहिलं, तेव्हा त्या त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यांना मोठं शिल्प करायचं काम मिळालं. त्यासाठी त्यांनी रजा घेतली. परत आल्या तोवर संचालकपद दुसऱ्याकडे गेलं होतं. ते शिल्प प्लास्टरचं होतं, आणि धातूत ओतायला पैसे न मिळाल्याने प्रदर्शन संपल्यावर तेही पाडलं गेलं. एका माणसाने कला करावी आणि शिकवावीही, या अपेक्षेची केवढी किंमत पडू शकते, ते इथे दिसतं. शिकवणाऱ्या कलाकाराचा तास बुडाला की आपण कुरकुरतो, तेव्हा ही बाजूही ध्यानात असलेली बरी.

चूक कोणाला दिसते

दोघांमधला खरा फरक मला इथे दिसतो. कौशल्य अंगात मुरत जातं तसं ते शब्दांतून निसटत जातं. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शारीरिक कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, दुसरीवर चुका हळूहळू गळत जातात, आणि तिसरीवर हात किंवा गळा आपोआप चालतो. मंचावरचा कलाकार वर्षानुवर्षं तिसऱ्या पायरीवर राहिलेला असतो. तुम्ही पहिलीवर अडखळत असता. नेमकं कुठे अडलंय, हे त्याला आठवून सांगणं खरोखर अवघड जातं. यात त्याचा आखडूपणा नसतो.

चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणायचा असतो, तेव्हा नवख्याच्या हाताखाली तो डगमगत राहतो. निष्णात कुंभकार येतो, तुमच्या हातांवर हात ठेवतो, आणि क्षणात गोळा स्थिर होतो. तुम्हाला वाटतं, जमलं. तो पुढे सरकला की गोळा पुन्हा डगमगतो. शिकवण्यात मुरलेली व्यक्ती आधी तुमच्याकडे नुसतं बघते. मग म्हणते, कोपर हवेत आहे, ते मांडीला टेकवा, आणि आता जोर मनगटाने न लावता अंग पुढे झुकवून लावा. गोळा लगेच स्थिर होईल असं नाही, पण पुढच्या आठवडाभर काय करून बघायचं ते तुम्हाला कळलेलं असतं.

गाण्यातही तेच. वरचा सूर ताणून, गळा आवळून लावणाऱ्याला कलाकार म्हणेल, "असं नाही, असं," आणि स्वतः गाऊन दाखवेल. ऐकायला ते सुंदरच असतं. पण गळा आवळतोय म्हणजे जबडा घट्ट धरलाय, की श्वास वरवरचा घेतलाय, की मुळात पट्टीच चुकीची निवडलीय, हे वेगवेगळं करून सांगणारं माणूस लागतं. शेकडो नवखे गळे ऐकल्याशिवाय तो कान तयार होत नाही, आणि असे गळे शिकवणाऱ्याच्याच वाट्याला जास्त येतात.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू तितक्याच जोराने मांडायला हवी. कलाकार तुम्हाला मोजपट्टी देतो. चांगला लागलेला सूर हाताच्या अंतरावरून, माइकशिवाय ऐकणं, किंवा एखादी चित्रकार कोऱ्या कागदासमोर किती वेळ थांबते आणि मग पहिली रेघ कशी ओढते ते शेजारी उभं राहून बघणं, यातून कानांवर आणि डोळ्यांवर जे कोरलं जातं ते कुठल्याही सूचनेतून मिळत नाही. चांगलं म्हणजे किती चांगलं, हे एकदा कळलं की स्वतःचं काम तपासायची सवय लागते. ज्यांची बैठक आधीच तयार आहे, जे पूर्वी शिकलेत आणि मध्ये खंड पडलाय, त्यांना याचीच भूक असते. अशांनी सुरुवातीच्या बॅचमध्ये पुन्हा मुळाक्षरं गिरवत बसू नये.

येणं-जाणं आणि सराव

बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे खूप गाजला. त्यात सर्वांत पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांनी तोवर एकट्याने केलेल्या सरावाचे तास इतरांपेक्षा बरेच जास्त भरले होते. त्या अभ्यासातून किती तासांत कोण निष्णात होतो याचे भलभलते हिशेब लोकांनी काढले, ते सोडून द्या. तुमच्या निवडीपुरतं एक कामाचं आहे. आठवड्यातला एक तास म्हणजे शिकणं नव्हे. उरलेल्या दिवसांत काय घोटायचं, हे त्या तासात ठरतं. आणि चुकीचं घोटलं तर तेही पक्कं होतं.

म्हणून शिक्षक दर आठवड्याला भेटणं नवख्यासाठी फार मोलाचं. कलाकार कार्यक्रमांच्या हंगामात दोन-तीन आठवडे गायब होतो, तालमीत अडकतो, प्रदर्शन जवळ आलं की त्याचं अर्धं लक्ष तिकडे असतं. तेवढ्या काळात व्हायोलिनचा गज धरण्याची किंवा नाचात पाय टाकण्याची चुकीची ढब मुरून बसते, आणि पुढे ती सोडवायला दुप्पट वेळ जातो. तीनचार वर्षं शिकलेल्याला मात्र हाच खंड चालतो, कधी पथ्यावरही पडतो. स्वतःची चूक त्याची त्याला ऐकू येते, मिळालेल्या एका सूचनेवर तो महिनाभर काम करू शकतो.

नाव नोंदवण्याआधी केंद्राला दोन गोष्टी सरळ विचारा: शिक्षक नसतील तेव्हा तास कोण घेतं, आणि बुडालेला तास भरून मिळतो का? बदली शिक्षक दर वेळी नवा असेल तर नाव कितीही मोठं असलं तरी तुमच्या हाती तुकडेच लागतील.

मूल शिकणार असेल तर

इथे माझ्या मनात फारशी शंका नाही. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाच्या चमूने १९८५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, गणिती अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत फार वर गेलेल्या १२० जणांचा तो मागोवा होता. पियानोवादकांचे पहिले शिक्षक बहुतेक वेळा घराजवळचे, साधे, नावाजलेले वगैरे अजिबात नसलेले होते. ते प्रेमळ होते आणि तासाला जावंसं वाटेल असं शिकवत. कडक, चोखंदळ गुरू पुढच्या टप्प्यावर आले, आणि त्या क्षेत्रातले दिग्गज त्याहून पुढे. मुलासाठी थेट तिसऱ्या टप्प्याचा गुरू शोधायची घाई पालकांनी करू नये. सात-आठ वर्षांचं मूल पुढच्या आठवड्यात आपणहून बूट चढवून दाराशी उभं राहतं का, एवढं पाहावं.

मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांचं गणित थोडं निराळं असतं. त्यांना कारण लागतं. "असं का?" हा प्रश्न ते विचारतात, आणि आपण हास्यास्पद दिसतोय का ही धास्तीही त्यांच्या मनात असते. शिकवण्यात रमणारी व्यक्ती हे दोन्ही ओळखते. पण असेही प्रौढ असतात ज्यांना वर्गाच्या शिस्तीची आयुष्यभराची अढी बसलेली असते, आणि एखाद्या कलाकाराच्या स्टुडिओत, रंगांच्या वासात, कोणी फार काही न सांगता त्यांचा हात मोकळा होतो. तुम्ही त्यांच्यातले असाल तर तुमचं तुम्हाला ठाऊक असेल.

कलेगणिक उत्तर बदलतं

नृत्यात मी कायम शिकवणाऱ्याच्या बाजूने. गुडघे, घोटे, कंबर यांची किंमत मोजून नाच शिकायचा नसतो. नर्तकाच्या स्वतःच्या तयार शरीराला जे सहज जमतं ते तुमच्या शरीराला आज झेपेल का, याचा अंदाज वेगवेगळ्या वयाची आणि बांध्याची माणसं शिकवूनच येतो. वॉर्मअप उरकून टाकणाऱ्याकडे जाऊ नका.

नाटकात उलट. रंगभूमीवर अजून उभा राहणारा नट लवकर भेटलेला बरा. समोरच्या नटाचं ऐकणं, प्रेक्षागृहातली शांतता तोलणं, विसरलेलं वाक्य सावरून घेणं, या गोष्टी तालमीतल्याच आहेत. वर्गातले नाट्यखेळ सुरुवातीची भीड मोडायला उत्तम, पण वर्षानुवर्षं तेच खेळत राहिलं तर प्रयोग उभा राहत नाही.

चित्रकला आणि मातीकामात दोन्ही चालतं. इथे काम करणाऱ्या कलाकाराचा मोठा फायदा असा, की त्याची प्रक्रिया डोळ्यांसमोर घडते. भट्टीतून तडकून निघालेलं भांडं, अर्ध्यात टाकलेलं चित्र, पुन्हा धरलेला ब्रश, हे सगळं विद्यार्थी पाहतो. गायकाची फसलेली सकाळ मात्र श्रोत्यापर्यंत कधी पोचत नाही.

वाद्यांचं म्हणाल तर पाया शिक्षकाकडे आणि उडी कलाकाराबरोबर, हा क्रम बहुतेकांना मानवतो. शिकागोच्या हल हाउस या लोकसेवा केंद्राच्या मुलांच्या बँडमध्ये गरीब घरातला, पुढे जॅझमध्ये गाजलेला बेनी गुडमन क्लॅरिनेट वाजवायचा. फ्रान्झ शेप या शास्त्रीय परंपरेतल्या शिक्षकाकडे त्याने सुरुवातीच्या वयात पक्के धडे घेतले. जॅझ मात्र तो वाजवणाऱ्यांच्या संगतीत शिकला.

"शिक्षक सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात"

हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. परीक्षा आणि वार्षिक कार्यक्रम यांभोवतीच फिरणारा वर्ग एकसारखे विद्यार्थी घडवतो. पण साचा फक्त शिक्षकाकडे असतो असं थोडंच आहे? मोठ्या कलाकाराचा साचा अधिक मोहक असतो, आणि म्हणून सुटायला अधिक कठीण. त्याच्या हरकती, त्याचे हातवारे, इतकंच काय, त्याचं खाकरणंही शिष्य उचलतात.

फ्रान्सच्या नादिया बुलांजे यांनी १९२० च्या दशकात स्वतःचं संगीतलेखन जवळपास थांबवलं आणि उरलेलं आयुष्य शिकवण्यात घालवलं. अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला १९५४ मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे आला तेव्हा आपण टँगो, म्हणजे अर्जेंटिनाचं नाचाचं संगीत, वाजवतो हे तो लपवत होता. त्याला युरोपीय धाटणीचा गंभीर संगीतकार व्हायचं होतं. बाईंनी त्याला त्याचा टँगो वाजवायला लावला आणि तोच धरून ठेवायला सांगितलं. आपल्याकडे कुमार गंधर्व अकराव्या वर्षाच्या आसपास मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आले. देवधर मैफलीचे गवई म्हणून कमी आणि शिक्षक, अभ्यासक म्हणून जास्त ओळखले जात. अनेक घराण्यांची विद्या त्यांनी गोळा केली होती, आणि विद्यार्थ्यांनाही त्यांनी एका घराण्यात कोंडलं नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. साचा मोडून देण्याची ताकद शिक्षकात असू शकते, फक्त त्याने विद्यार्थ्याचं ऐकलं पाहिजे.

पाहुणे कलाकार

दोन दिवसांच्या कार्यशाळेला जरूर जा. हुरूप येतो, ओळखी होतात, एखादी युक्ती गवसते. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा धरू नका, आणि ती नियमित तासाच्या बदल्यात तर मुळीच घेऊ नका.

चाचणीच्या तासाला काय पाहायचं

बहुतेक केंद्रं एखादा तास बसून बघू देतात. तेव्हा शिक्षकाकडे कमी आणि वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याकडे जास्त बघा. तो चुकला की काय होतं? शिक्षकाच्या लक्षात येतं का? सूचना एक मिळते की एकदम पाच? त्याच विद्यार्थ्याला पुन्हा करून बघायला वेळ दिला जातो, की शिक्षक स्वतः करून दाखवून पुढे जातो? तास संपताना घरी काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक असतं का? ही उत्तरं चांगली असली तर ती व्यक्ती मंचावरची आहे की नाही, याला फारसा अर्थ उरत नाही. दोन्ही अंगं असलेलं माणूस सापडलं तर दुसरीकडे बघूही नका.

शिक्षकाकडून कलाकाराकडे कधी जायचं, हेही विचारलं जातं. तुमची चूक त्यांनी बोलायच्या आधी तुम्हालाच कळायला लागली, घरचा सराव कोणी न सांगता तुम्ही ठरवायला लागलात, आणि एखाद्याचं काम पाहून "हे कसं केलं असेल?" हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहायला लागला, की वेळ झाली. हे शिक्षकांपासून लपवू नका. चांगल्या शिक्षकाला ते आधीच दिसलेलं असतं, आणि केंद्रातल्या कोणत्या कलाकाराशी तुमचं जमेल हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.