एनवर चार महिने, एचओवर आठ महिने: स्केल निवडण्याआधी काय बघायचं

मॉडेल रेल्वेत पहिला प्रश्न सगळे जागेचा विचारतात, मीही तोच विचारला आणि तिथेच चुकलो. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, मागच्या खोलीत आठ बाय चारचा प्लाय कसाबसा बसतो, म्हटलं एन स्केल घेऊन टाकू. १:१६०, म्हणजे सगळं खऱ्याच्या एकशे साठाव्या भागाएवढं, रुळाची रुंदी ९ मिमी, काटो कंपनीचा तयार ट्रॅक, युनिट्रॅक, क्लिक करून जोडायचा की गाडी सुरू, २८२ मिमी त्रिज्येच्या वळणावर दहा डबे मस्त फिरतात. ट्रॅकबद्दल आजही एक तक्रार नाही, फार सुंदर वस्तू आहे.

पण मला चालवायचं काय होतं? लहानपणी बाबांसोबत नाशिकरोडला पंचवटीची वाट बघत उभा राहायचो, आणि मुंबईहून येताना कसाऱ्याला मागे बँकर, म्हणजे घाट चढताना मागून ढकलणारी इंजिनं लागली की खिडकीतून मान बाहेर काढून बघायचो. मला तो घाट हवा होता. एनमध्ये जपानी, अमेरिकन, युरोपियन गाड्या हव्या तेवढ्या, पण डब्ल्यूएजी-७ हे आपलं मालगाडीचं विजेचं इंजिन आणि आयसीएफ, म्हणजे आपले नेहमीचे जुन्या पद्धतीचे प्रवासी डबे शोधून शोधून थकलो. थ्रीडी प्रिंटची बॉडी करून घेतली तर ती कुठल्याच चेसिसवर नीट बसेना. त्यात तिसऱ्या महिन्यात एका इंजिनाचं गिअर तडकलं, एवढंसं प्लास्टिकचं चाक, ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणाले सुटा पार्ट येत नाही, बाहेरून मागवा. मागवायला दीड महिना, वर कस्टम्स वेगळं. तेव्हा कळलं की स्केल जागेवरून नाही, पुढची पाच वर्षं काय मिळत राहील त्यावरून ठरवायचा.

मग पुण्याला कोथरूडजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलो, तिथला मुख्य देखावा एचओमध्ये, १:८७. भारतीय इंजिनं, डबे करणारे जे थोडे लोक आहेत तेही बहुतेक याच स्केलमध्ये करतात. छोट्या बॅचमध्ये येतात आणि संपतात, त्यामुळे लक्ष ठेवून आधी बुक करावं लागतं, किंमतही जास्त. पण रूळ, कपलर (डबे जोडणारे हुक), चाकं, डिकोडर (इंजिनातली कंट्रोलची चिप) सगळं कुठल्या ना कुठल्या कंपनीचं मिळतंच, एकाचं नाही तर दुसऱ्याचं बसतं. सात वर्षांचा भाचा एचओचा डबा स्वतः उचलून रुळावर ठेवतो. एनमध्ये तेच करताना मी भिंग घेऊन बसायचो, बारीक चाकं बसली की नाही कळायचंच नाही, आणि एप्रिल-मेच्या धुळीत जरा रूळ पुसायचा राहिला की इंजिन जागेवर थांबायचं. एचओलाही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं लागतंच, पण इतकं नाही.

आता एचओत खटकणाऱ्या गोष्टी. आयसीएफचा डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, पाच डबे आणि इंजिन म्हणजे दीड मीटर गेलं. ४३८ मिमीच्या वळणावर डब्याचे कोपरे बाहेर लटकतात, बघवत नाही, मी आता लांब डबे सरळ बाजूलाच उभे ठेवतो. दुसरं म्हणजे आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ ला रूळ १९.३ मिमी हवा, मिळतो तो १६.५ चा, समोरून बघितलं की इंजिनाखाली रूळ अरुंद वाटतो. मी ते स्वीकारलंय.

आणि घाट! थळ घाट, म्हणजे हाच कसाऱ्याचा घाट, त्याचा चढ ३७ ला १. खालच्या रुळावरून वरचा न्यायला साडेसात सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त लांबीचा चढ, माझा अख्खा प्लायच २४४ सेंटिमीटर. शेवटी तो चढ वळणावरून फिरवत नेला. मागे बँकर लावलं तर पहिल्याच दिवशी मधल्या रिकाम्या वाघिणी वळणावर बाहेर पडल्या, कारण मागचं इंजिन जरा जास्त पळत होतं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची वजनाची शिफारस आहे, १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, तेवढं वजन भरेपर्यंत प्रत्येक वाघिणीत वॉशर चिकटवले, दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची घेतली, आणि गेल्या रविवारी पूर्ण गाडी एकदाही न पडता वर चढली. बाबांना हाक मारून बोलावलं, ते खुर्ची ओढून तिथेच बसले, म्हणाले आता इगतपुरीला बँकर सोडायची सोय कर.

त्यासाठी मॅग्नेटवर सुटणारे केडी कंपनीचे कपलर मागवलेत.