‘शाहित’ : शिनजियांगमधील हरवलेल्या माणसांची नोंदवही

चीनच्या शिनजियांग प्रांतात ताब्यात घेतलेल्या, तुरुंगात टाकलेल्या किंवा ठावठिकाणा न लागलेल्या माणसांची नावनिशीवार माहिती देणारी ‘शिनजियांग व्हिक्टिम्स डेटाबेस’ ही विनामूल्य सेवा मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. संशोधक जीन बुनिन यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली ही सेवा ‘शाहित’ या नावाने अधिक ओळखली जाते. उइघूर या तेथील तुर्कवंशीय मुस्लिम समाजाच्या भाषेत ‘शाहित’ म्हणजे साक्षीदार आणि ‘बिझ’ म्हणजे आम्ही. संकेतस्थळाच्या पत्त्यात (shahit.biz) हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात आणि ‘साक्षीदार आम्ही’ असा अर्थ मनात उमटतो. हे नाव या कामाला पूर्णपणे शोभते, असे माझे मत आहे.

उइघुरांविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक वेळा मोठ्या आकड्यांत असते. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीत ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे दहा लाख लोक खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या सरकारी छावण्यांत असल्याच्या विश्वासार्ह वृत्तांचा उल्लेख झाला आणि पुढे तोच आकडा सर्वत्र फिरत राहिला. आकडा खोटा नसला तरी त्यातून माणूस दिसत नाही, आणि धोरण प्रत्यक्षात कसे राबवले गेले तेही कळत नाही. शाहितची बांधणी मुळातच वेगळी आहे. एका माणसाची एक नोंद असते, तिला क्रमांक असतो आणि तिच्यात ठरावीक रकाने असतात : साक्ष कोणी दिली, ती व्यक्ती पीडिताची कोण लागते, पीडित कोठे आहे, त्याला केव्हा नेले, कोणत्या कारणासाठी नेले, त्याची सद्यःस्थिती काय आणि ती साक्ष देणाऱ्याला कळली कशी.

यांतला शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. परदेशात राहणाऱ्या अनेक उइघूर आणि (शिनजियांगमधील दुसरा मुस्लिम समाज असलेल्या) कझाख कुटुंबांचा घरच्यांशी असलेला संपर्क २०१७ नंतर तुटला. कित्येकांना आई-वडिलांनी किंवा भावंडांनीच वीचॅट या चिनी संदेश-ॲपवरून काढून टाकले, कारण बाहेरदेशी नातेवाईक असणे हाच संशयाचा विषय झाला होता. अशा परिस्थितीत एखाद्याला भावाच्या शिक्षेची बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळते आणि एखाद्याला ती कळतच नाही. शाहित हे झाकून ठेवत नाही. माहिती ऐकीव असेल तर ती तशी नोंदवलेली असते आणि न्यायालयाचा कागद उपलब्ध असेल तर तो जोडलेला असतो, त्यामुळे कोणत्या नोंदीवर किती भार टाकायचा हे वाचकाला स्वतः ठरवता येते. मानवाधिकारांच्या क्षेत्रातील लिखाणात हा प्रामाणिकपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

‘कारण’ या रकान्यापाशी मात्र वाचकाने सावकाश थांबावे. मार्च २०१७ मध्ये प्रांतिक सरकारने ‘अतिरेकीपणा निर्मूलना’चे नियम मंजूर केले, त्यांत ‘असाधारण’ दाढी, चेहरा झाकणारा बुरखा आणि मुलांना धार्मिक उत्साह दर्शवणारी नावे ठेवणे या गोष्टी अतिरेकीपणाची लक्षणे ठरवण्यात आल्या. नियमाची भाषा कागदावर वाचली तर ती रुक्ष वाटते. पण फेब्रुवारी २०२० मध्ये उजेडात आलेल्या, शिनजियांगमधील काराकाश तालुक्याच्या १३७ पानी सरकारी यादीत ३११ माणसांच्या नावांपुढे तीच भाषा कारण म्हणून उतरलेली आहे : दाढी वाढवली, पत्नीने बुरखा घेतला, पारपत्रासाठी अर्ज केला, परवानगीपेक्षा जास्त मुले झाली. ती यादी ध्यानात ठेवून शाहितमधील नोंदी वाचल्या की धोरण आणि माणूस यांच्यातले अंतर उरत नाही.

आता उणिवांविषयी. ही सेवा नवख्या वाचकासाठी सोपी नाही. एकेका नोंदीत मजकूर दाटीवाटीने भरलेला असतो, आणि छावणी, अटक केंद्र, तुरुंग व नजरकैद यांतला फरक आधी माहीत नसेल तर सद्यःस्थितीचा रकाना फसवा ठरू शकतो. हा फरक क्षुल्लक नाही. सर्व ‘प्रशिक्षणार्थी’ (सरकार छावण्यांना प्रशिक्षण केंद्रे म्हणत असे) उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, असे प्रांतिक सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केले; परंतु त्याच काळात असंख्य लोकांना रीतसर खटल्याच्या नावाखाली दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या होत्या. देशाच्या लोकसंख्येत सुमारे दीड टक्का वाटा असलेल्या या प्रांतात २०१७ मध्ये चीनमधील एकूण अटकांपैकी जवळजवळ २१ टक्के अटका झाल्या, हे सरकारी आकडेवारीवरूनच दिसते. म्हणून ‘छावण्या बंद झाल्या’ हे वाक्य ऐकल्यावर मी प्रथम शिक्षांच्या नोंदी उघडतो.

दुसरी उणीव या सेवेच्या हातातली नाही. कझाख पीडितांच्या साक्षी तुलनेने भरघोस आहेत, कारण कझाकस्तानातील अल्माटी शहरातल्या ‘आताजुर्त’ या मानवाधिकार गटाच्या स्वयंसेवकांनी नातेवाइकांना कॅमेऱ्यासमोर बसवून, हातात छायाचित्र देऊन त्यांचे जबाब ध्वनिचित्रमुद्रित केले. दक्षिण शिनजियांगमधील होतान किंवा काशगरच्या खेड्यातील ज्या उइघूर कुटुंबाचे बाहेर कोणीच नाही, त्याच्यासाठी बोलणार कोण? मे २०२२ मध्ये फुटलेल्या शिनजियांग पोलिसांच्या अंतर्गत फायलींनी ही पोकळी काही अंशी भरली. त्यांत काशगर परिसरातील एका तालुक्यातील २,८०० हून अधिक स्थानबद्धांची छायाचित्रे होती. सर्वांत लहान मुलगी १५ वर्षांची आणि सर्वांत वयस्क स्त्री ७३ वर्षांची. त्या चेहऱ्यांकडे पाहताना मला फार वेळ पडद्यासमोर बसवले नाही.

ज्यांना सुरुवात कोठून करावी हे समजत नाही, त्यांनी राहिले दाऊत यांच्यापासून करावी. शिनजियांग विद्यापीठातील या लोकसाहित्याच्या अभ्यासक उइघुरांच्या दर्ग्यांवर आणि यात्रांवर संशोधन करत असत आणि त्यांच्या कामाला सरकारी मान्यताही होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्या नाहीशा झाल्या. त्यांना जन्मठेप झाली आहे याला दुजोरा मिळण्यासाठी सप्टेंबर २०२३ उजाडावा लागला. जवळजवळ सहा वर्षे जगाला त्यांच्याविषयी ठोस असे काही सांगता येत नव्हते, आणि त्या वर्षांत एखाद्या नोंदवहीने नाव जागते ठेवणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून कळते.

पत्रकार, संशोधक, कायद्याचे विद्यार्थी आणि शिनजियांगच्या कापसाच्या पुरवठा साखळीत काम करणारे व्यावसायिक यांना मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवेन. फक्त एक पथ्य पाळावे. या नोंदींतील पीडितांची कुटुंबे अजून तेथेच राहतात, म्हणून एखादे नाव पुढे पाठवण्यापूर्वी साक्ष देणाऱ्याने ती माहिती कोणत्या हेतूने खुली केली आहे, हे त्याच नोंदीत पूर्ण वाचून घ्यावे.