हार्डटेल, ट्यूबलेस आणि चार मुलुख: दहा महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरात देशावरची माळरानं, जानेवारीत कोकण किनारा, जुलैत ताम्हिणीचा पाऊस, ऑगस्टअखेर मनाली ते लेह. या सगळ्या सुट्ट्यांना एकच सायकल: ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), १२० मिमी दबणारा, हवेवर चालणारा पुढचा फोर्क, २९ × २.२५ इंचांचे टायर, पुढे ३२ दात्यांची एकच चकती, मागे ११ ते ५१ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. सायकल एक पुरते. मात्र मुलुख बदलला की हवा, ब्रेकचे पॅड आणि वंगण बदलावंच लागतं.

सगळ्यात मोठा फायदा ट्यूबलेसचा, म्हणजे ट्यूबशिवाय थेट रिमवर बसणाऱ्या टायरचा, आणि त्याचं कारण सराटा. पावसाळ्यानंतर माळावर सराट्याची फळं वाळतात आणि एका फेरीत टायरमध्ये दहा-पंधरा काटे सहज रुततात. ट्यूब असेल तर दिवस पंक्चर काढण्यातच जातो. एका टायरला १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ हलवून आत पाणी डचमळल्यासारखा आवाज येत नसेल तर ६० मिली भर घाला. रुतलेला काटा वाटेत उपटू नका, मुक्कामी काढा आणि भोक खाली येईल असं चाक ठेवा. बाभळीच्या मोठ्या काट्याचं भोक सीलंटने बुजलं नाही तर प्लगची, म्हणजे भोकात कोंबायची, दोरी लागते. टायरची बाजू फाटली तर मात्र ट्यूब घालावीच लागते, आणि इथेच बहुतेक जण फसतात: आत टोकं काढून बसलेले जुने काटे नवी ट्यूब दोन मिनिटांत फोडतात. आधी फडकं टायरच्या आतून फिरवा. जिथे अडकेल तिथला काटा पक्कडीने ओढून काढा.

हवा: ७० किलोच्या माणसाला पुढे २२, मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). मागे सामान असेल तर २८. मनालीला, म्हणजे साधारण २,००० मीटरवर भरलेली हवा ५,३०० मीटरच्या तंगलंग ला खिंडीत गेजवर तीनेक पीएसआय जास्त दिसते. आतली हवा तेवढीच असते, बाहेरचा दाब घटलेला असतो. थंडीमुळे थोडी भरपाई होते, पण पुरती नाही. टायर दगडांवर उसळायला लागतो आणि उतारावरची पकड जाते. वर थोडी सोडा, लेहला उतरल्यावर पुन्हा भरा. पंपासोबत छोटं गेज न्याच, अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही.

ब्रेकबद्दल तक्रार आहे. सायकलीसोबत आलेले रेझिन (राळमिश्रित, मऊ) पॅड ताम्हिणीच्या लाल चिखलात फारच लवकर संपले. ओली माती सॅंडपेपरसारखी घासते. पावसात सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड टिकतात. आवाज करतात, तो सोसावा. पण आधी डिस्कवर काय कोरलंय ते वाचा: स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असतं, तिथे सिंटर्ड लावले तर डिस्कच झिजते. पॅडचा थर अर्धा मिमी राहिला की बदला. पुढची डिस्क १८० मिमीची हवीच. तंगलंग लाहून रुम्त्सेकडे हजारावर मीटर उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. जोरात थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

काळ्या मातीत ओल असताना जाऊच नका. ती टायर आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या दांडीच्या) मध्ये साचून चाक थांबवते. काडीने खरवडण्याशिवाय उपाय नाही.

कोकणात रस्ता सपाट असेल ही समजूत सोडा. दिघी, दाभोळ, जयगड, प्रत्येक खाडीला जेट्टीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर पुन्हा शे-दीडशे मीटर चढायचं. पुढच्या ३२ ला मागची ५१ लावून मिनिटाला ६० पायडल मारले तर वेग ताशी पाच किमी राहतो. सामान असेल तर पुढे ३० ची चकती बरी. ओहोटीच्या ओल्या वाळूवर सायकल सुरेख पळते, पण खारं पाणी बोल्ट, चेन आणि बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचं बेअरिंग) खातं. त्याच संध्याकाळी साध्या नळाने धुवा (प्रेशर पंप नको, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं), पुसा आणि चेनला तेल द्या. सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) ग्रीस नसेल तर तो फ्रेममध्ये धरून बसतो.

लेहच्या वाटेला केलाँगनंतर सायकलच्या दुकानाची आशा धरू नका. सोबत ठेवा: डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) फ्रेमला जोडणारा हँगर, चेनच्या दोन क्विक लिंक (चेन तुटली तर जोडायच्या कड्या), पॅडचे दोन जोड, एक ट्यूब, प्लग, व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हचा आतला भाग). आमचा हँगर विमानाच्या खोक्यातच वाकला. पॅक करताना डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा, ब्रेकच्या पॅडमध्ये स्पेसर (पॅड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घालायचा तुकडा) घाला आणि टायर पूर्ण रिकामा करू नका, रिमवरची पकड सुटते आणि हातपंपाने ती परत बसत नाही.

जिस्पा ३,२०० मीटरवर, सरचू ४,२९० वर. हा टप्पा एका दमात घेऊ नका, उंचीची सवय व्हायला जिस्पाला दोन रात्री काढा. नाले सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वर येतं. हबमध्ये पाणी गेलंच तर मुक्कामी हब फिरवून पाहा. खरखर जाणवली तर लेहला पोहोचताच बेअरिंग उघडून ग्रीस बदला.