कोलोनचा रोझनमोंटाग आणि माझे २८८ युरो

चार तिकिटं, प्रत्येकी ७२ युरो. जर्मनीतल्या कोलोनच्या कार्निव्हलमध्ये रोझनमोंटागची, म्हणजे कार्निव्हलच्या सोमवारची, मिरवणूक ट्रिब्यूनवर, म्हणजे प्रेक्षकांच्या गॅलरीत, बसून बघायची म्हणून दिलेले २८८ युरो बुडाले.

रस्त्यावर उभं राहून मिरवणूक फुकट दिसते, हे मला माहीत आहे. सहा वर्षं इथे राहतोय. पण यंदा आई-बाबा आले होते. आईचे गुडघे दुखतात, फेब्रुवारीच्या थंडीत तिला तासन्‌तास उभं कसं करणार? अधिकृत तिकिटं संपली होती. एकाची जाहिरात दिसली, घरात आजारपण आलंय, घेतल्या भावात देतो. तिकिटाचा फोटोही पाठवला त्याने.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने सांगितलं होतं, खातेदाराचं नाव जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना ही तपासणी करावीच लागते, ती अशाच फसवणाऱ्यांना अडवायला. मी त्याला विचारलं. म्हणाला, खातं बायकोचं आहे, आणि अजून दोघं तिकिटं मागतायत. मीटिंगला दोन मिनिटं होती. मी 'पुढे' दाबलं. ते बोट अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नाव जुळलं नाही की तिथेच थांबा, समोरचा काहीही सांगू दे.

१६ फेब्रुवारीला फाटकावर स्कॅनर चारही वेळा लाल झाला. चारही पीडीएफवर क्यूआर कोड एकच होता, हे मला तिथे दिसलं! कोड आधी एकमेकांशी ताडून बघा. रथांवरून फेकतात ती चॉकलेटं, कामेले, गोळा करायला आईने घरून कापडी पिशवी आणली होती. तिने ती गुपचूप पर्समध्ये ठेवली. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे." मला त्यांच्याकडे बघवेना.

बँक म्हणते, झटपट पेमेंट दहा सेकंदांत पोहोचलं, परत आणता येत नाही, इशारा तुम्हीच डावललात. पोलीस ठाण्यात म्हणाले, कार्निव्हलचा बंदोबस्त आहे, ऑनलाइन तक्रार करा. अर्धी रात्र जर्मन फॉर्म भरण्यात गेली. मिळाला फक्त एक प्रकरण क्रमांक. सात आठवड्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं: आरोपी सापडला नाही, प्रकरण बंद. अहो, खाते क्रमांक मी दिलाय! ओळखपत्राशिवाय इथे खातं उघडतं का? मला साधा पत्त्याचा पुरावा आणायला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. मग त्या खात्यामागचा माणूस कसा सापडत नाही?

झटपट पेमेंट अनोळखी माणसाला कधीच करू नका. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढा. माझ्याकडे तो नव्हता, त्याने जाहिरात त्याच रात्री काढून टाकली होती.