कसवूची नऊवारी आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा : एका बुटीकचा अनुभव

बुटीक कोथरूडला आहे, छोटंसं, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न केरळातल्या त्रिशूरच्या मुलाशी झालं, सकाळी आपले विधी आणि मग त्यांचं ताली (म्हणजे मंगळसूत्र) आणि पुडवा (नवऱ्याने नवरीला वस्त्र देणं), आणि दोघांचंही म्हणणं एकच की एकदा घालून जन्मभर कपाटात पडणारे कपडे नकोत आणि प्लास्टिकच्या टिकल्या-स्टोनवालं तर काहीच नको.

म्हणून बहिणीला कसवूचीच नऊवारी करायची ठरली. कसवू म्हणजे केरळची ती सायीच्या रंगाची सोनेरी काठाची साडी, सूत ब्लीच न केलेलं म्हणून तो रंग. पण ती साडी साधारण सहा मीटरच्या आतबाहेर असते आणि नऊवारीला सव्वाआठ मीटर तरी पाहिजे. दुसरीकडे विचारलं तर म्हणे दोन तुकडे जोडून शिवलेली रेडीमेड नऊवारी देतो. इथल्या ताईंनी सरळ नाही सांगितलं, केरळातल्या बलरामपुरमच्या विणकराकडून सलग नऊ वार विणून मागवलं, आणि शिवून मुळीच दिलं नाही, नेसायचीच. म्हणजे उद्या तिच्यातून सहावारी निघेल, दोन मुंडू (केरळी पुरुष कमरेला गुंडाळतात ते वस्त्र) निघतील, काहीही. मला विचाराल तर खरं इको-फ्रेंडली हेच, बाकी तागाची पिशवी वगैरे ठीक आहे.

दुसरी गोष्ट जरीची. ताईंनी काठातला एकेक धागा काढून आमच्यासमोर काडीने पेटवून दाखवला. बाजारातल्या स्वस्त कसवूचा धागा वितळून काळा टणक मणी झाला, ती प्लास्टिकची जर. त्यांच्यातला वितळला नाही, मधलं सूत जळून गेलं आणि तांब्याची बारीक तार उरली. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली पक्की जरपण मिळते पण किंमत ऐकून आई उठूनच उभी राहिली!

गौरीहराला मामाकडची पिवळी अष्टपुत्री लागते, तीपण सुतीच केली. आम्ही म्हटलं हळदीत रंगवा, तर म्हणाल्या हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल पडतो, त्यापेक्षा डाळिंबाची साल आणि तुरटी. रंग इतका शांत आलाय ना, पिवळ्यात जरा हिरवट झाक, फोटोत दिसतच नाही. फक्त काठाजवळ रंग नीट चढलेला नाही, चार बोटं पट्टा फिका राहिलाय. मामींच्या नजरेत तो पहिल्या मिनिटात आला.

नवरदेवाला मुंडू आणि वर आईच्या विरलेल्या पैठणीच्या पदराचा शेला. मोर तसेच ठेवून मागून मऊ सुती अस्तर लावलंय, ह्या कामाला पैकीच्या पैकी. सासूबाई, म्हणजे त्यांच्या अम्मा, तो शेला उलटून उलटून बघत होत्या.

आता तक्रारी. कोरं कापड कांजीमुळे इतकं कडक की कासोटा फुगत होता आणि निऱ्या ओच्यात बसेनात, एकदा धुवून घ्या हे त्यांनीच सांगायला हवं होतं, आम्हाला नेसवणाऱ्या काकूंनी सांगितलं. कापड पातळ आहे, आतून काहीतरी घालावंच लागतं. ब्लाउज तर हळदीच्या आदल्या रात्री मिळाला आणि बाह्या घट्ट, फोन केला की नुसतं ‘उद्या नक्की’. नऊवारीचे 14 हजार घेतले, हातमागाला ते मला जास्त वाटले नाहीत, पण ब्लाउजचे 3 हजार अजिबात पटले नाहीत.

जायचं असेल तर चार महिने आधी जा, विणून यायलाच वेळ लागतो. साडी आणि शेला डोळे मिटून द्या, ब्लाउज आपल्या नेहमीच्या टेलरकडे.