दहशतवादाशी लढा: पलटणीचं काम की पोलिसांचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे आणि गावोगावी कोणी पलटणीत आहे, कोणी पेन्शनवर आलेला आहे. म्हणून कुठे हल्ला झाला की आपल्याकडे पहिला सूर ठरलेला: आता एकदाचं युद्ध करून टाका. हा राग खरा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण कोणत्या मागणीमागे उभं राहायचं हे ठरवायचं असेल, तर दोन्ही वाटांनी आजवर पदरात काय पडलं ते शेजारी शेजारी ठेवून बघा. माझा कल आधीच सांगतो: पाया पोलिसी कामाचा हवा. सैन्य लागतं, पण ते ठरावीक ठिकाणीच.

मामा आणि भाचा

सगळ्यात स्वच्छ तुलना अमेरिकेवरच्या दोन हल्ल्यांत, हल्लेखोरांच्या एकाच घरात सापडते. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फुटला, सहा माणसं गेली. सूत्रधार रामझी युसुफ 1995 मध्ये इस्लामाबादेत सापडला. न्यूयॉर्कच्या नेहमीच्या न्यायालयात खटला चालला आणि 1998 मध्ये त्याला जन्मठेप झाली. विषय संपला.

त्याचा मामा खालिद शेख मोहम्मद. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याचा आखणीकार. त्यात 2,977 माणसं मेली आणि अमेरिकेने युद्ध पुकारलं. खालिद 2003 मध्ये रावळपिंडीत पकडला गेला, पण त्याला न्यायाधीशापुढे उभं न करता गुप्त तुरुंगात ठेवलं. एका महिन्यात 183 वेळा पाण्याने गुदमरवलं आणि पुढे ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात नेलं. छळाने मिळवलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्याचा खटला इतक्या वर्षांतही पूर्णपणे उभा राहिलेला नाही. ज्यांची माणसं त्या इमारतींत जळाली, त्यांना निकाल मिळाला नाही. अफगाणिस्तानातलं युद्ध 20 वर्षं चाललं आणि ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्याच हातात गेलं.

गिरगाव चौपाटीवर

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्याचं. तिथे दोन्ही कामं एकाच वेळी दिसतात. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस मोकळं करायला एनएसजीचे कमांडो लागले. ते काम लाठीने होणारं नव्हतं, यात वाद नाही.

पण त्या तीन दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट चौपाटीवर घडली. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलची नळी हाताने धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या, पण सोडली नाही. मागच्या पोलिसांना कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळे पोलिसात येण्याआधी लष्करात होते, हे आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

कसाब जिवंत सापडला म्हणून त्याचं गाव कळलं, कट कुठे शिजला ते कळलं. आधी कानांवर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी 2009 मध्ये तो आपला नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं. मेलेल्या नऊ जणांकडून हे मिळालं नसतं. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. ज्या न्यायालयाने एकाला फाशी दिली त्यानेच दोघांना सोडलं, म्हणून त्या निकालाला वजन आलं. युद्धात ही सोय नसते. बॉम्ब पडल्यावर निर्दोष कोण हे विचारायला कोणी उरत नाही.

पोलिसी वाट जिथे फसते

आता माझ्याच बाजूचं कच्चं अंग. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, 180 हून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये 12 जण दोषी ठरले आणि जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्याच महिन्यात 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. एवढ्या वर्षांनी ‘मग केलं कोणी?’ याला उत्तर नाही. ज्यांची माणसं गेली ते या वाटेवर का विश्वास ठेवतील? मला एकच उत्तर दिसतं: तपास भक्कम हवा. तो कच्चा ठेवून वर कायदा कडक केला, तर निर्दोष आत सडतात आणि खरे मोकळे राहतात. टाडा आणि पोटा हे दोन्ही दहशतवादविरोधी कायदे याच तक्रारींपायी गेले.

दुसरी अडचण सरहद्दीची. पलीकडचं राज्यच सूत्रधारांना पाठीशी घालत असेल तर पोलिसांचं वॉरंट तिथे कागद ठरतं. पहलगामला 26 माणसं मारली गेल्यावर 7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर झालं ते याच कोंडीतून. त्याची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर आपल्याच जिल्ह्यातलं, गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची अफवा पसरली, तेव्हा ती खोटी असल्याचं सांगायला आणि बंदोबस्त ठेवायला पुढे यावं लागलं ते जिल्हा पोलिसांना. लढाई तिकडे चालू असतानाही गाव शांत ठेवायचं काम इथलं ठाणंच करत होतं.

आपल्या रस्त्यावरचा नमुना

फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला लेखक एम. एम. कलबुर्गी: दोघांना गोळ्या घालून मारलं. दोन्ही शहरांना जोडणारा हमरस्ता बेळगाववरून जातो. 2017 मध्ये बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांना मारणारं पिस्तूल एकच, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेने गोळ्यांवरच्या खुणांवरून सांगितलं. कर्नाटकच्या विशेष पथकाच्या तपासाने महाराष्ट्रातली अडकलेली प्रकरणंही हलली, आणि 2024 मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप झाली. आपल्या सीमाभागावरून कोर्टात भांडणाऱ्या दोन राज्यांच्या पोलिसांना एकमेकांच्या फायली उघडाव्या लागल्या. इथे रणगाडा काय करणार होता?

म्हणून ठरवताना हे तपासा: गुन्हेगार कायद्याच्या हाताला लागू शकतो का? लागत असेल तर युद्धाची मागणी करू नका, तपासाची करा. लागत नसेल आणि ठिकाण पक्कं माहीत असेल, तर सैन्याचा घाव मोजका आणि मुदतीचा असावा.

सीमाभागासाठी एक गोष्ट मला सगळ्यात निकडीची वाटते. पोलिसी काम माणसांनी दिलेल्या खबरीवर चालतं. इथला मराठी माणूस ठाण्याची पायरी चढायला कचरतो. आंदोलनांचे गुन्हे, कानडी कागद, वाचता न येणाऱ्या जबाबावर सही. खेड्यातल्या म्हातारीला शेजारच्या बंद खोलीबद्दल काही खटकलं, तर तिने ते कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगायचं? तिचा जबाब मराठीत लिहून, वाचून दाखवणारा एक हवालदार प्रत्येक ठाण्यात असावा, ही मागणी आपण आमदाराकडे लेखी द्यायला हवी.